हवा बंद असतानाचे तास

व्हिकच्या खोलगट मैदानात धुकं बसलं
की आठवडाभर उठायचं नाव घेत नाही.
गाडीच्या काचा वर असल्या तरी
किर्झची शेड दीड किलोमीटर आधीच येते,
वळणाआधी, पाटीआधी.

त्याची टाकी माझ्याकडेही आहे, लॅपटॉपमध्ये:
चौदा समीकरणं, एकोणीस स्थिरांक,
त्यातले सहा इतरांच्या प्रबंधांतून उसने,
दोन अंदाजाने, एक निव्वळ हट्टाने.
माझ्या टाकीला वास नाही.
अमोनिया येतो,
एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात,
दुसऱ्या जातीचे नायट्रेट.
तिसरे वाट पाहत बसतात हवा संपायची,
मग नायट्रेटमधूनच श्वास ओढून घेतात
आणि उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांनी वर सोडून देतात.
आभाळाला त्याचं काही नाही,
त्याच्याकडे तो आधीच पुष्कळ आहे.

पण किर्झच्या टाकीत तिसऱ्यांना काम नव्हतं.
वहीत रोज एकच शब्द: ब्लोअर चालू, चालू, चालू.
तरी दर तीन आठवड्यांनी, चार रात्री,
नायट्रेटची रेघ खाली बसायची
आणि माझी वक्ररेषा वर एकटीच उभी.
मी तापमान बदललं. बाटल्या बदलल्या.
एक स्थिरांक इतका ताणला
की जिवाणू तासाला दुप्पट होऊ लागले
आणि मलाच हसू आलं.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

(हे इथे गमतीने म्हणू नये.
ओकच्या झाडाखालच्या झऱ्यावर नगरपालिकेची पाटी आहे: पिऊ नका.
रेमेईबाई तरी कॅन घेऊन येतात.
हरभरे म्हणे याच पाण्यात शिजतात,
नळाच्या पाण्यात गोट्या राहतात.)

मंगळवारी रात्री दीडला मी टाकीच्या कठड्याशी उभी होते.
ब्लोअर बंद.
फेस विरत चाललेला,
आणि काळ्या पाण्यावर बारीक बारीक
काहीतरी फुटत होतं, उकळीशिवाय.

विणीच्या खोलीत लाल दिवे.
किर्झ उलट्या बादलीवर, लोकरी टोपी कानांच्या वर सरकवलेली.
"वहीत चालू लिहिलंय," मी म्हटलं.
"वही तपासणीवाल्यांसाठी."
मग हळू आवाजात,
"अडीचशे किलोची डुकरीण आडवी होते.
पिल्लू खाली सापडलं तर एकदाच ओरडतं. एकदाच.
त्या यंत्राच्या घरघरीत मला ते ऐकू येत नाही.
मागच्या खेपेला अकरा गेली."

मी काही विचारणार तोवर तो उठला होता.
मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.
परतला तेव्हा मुठीत ते होतं, ओलं,
तोंड उघडं, आवाज संपलेला.
अंगठ्याने त्याची छाती चोळत राहिला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"सहा महिन्यांनी हेच ट्रकमध्ये चढेल. ते वेगळं."

तेवढ्या वेळात बाहेर, दिसत नव्हते असे अब्जावधी
हवेवाचून ते काम उरकत होते
ज्याचा आराखडा काढायला मला तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली होती.

नवं समीकरण लागलं नाही.
एक स्तंभ जोडला, शून्य आणि एकाचा.
रेघा एकमेकींवर बसल्या.
मार्गदर्शकांनी विचारलं, स्तंभाला नाव का नाही?
मी "विणीच्या तारखा" लिहिलं, खोडलं,
"खंडित वायुवीजन" लिहिलं.
ते छापलं जाईल.

झऱ्यात आज जे नायट्रेट आहे
ते किर्झच्या वडिलांच्या काळातलं असावं;
जमीन सावकाश हिशेब देते.
माझं मॉडेल तिथवर पोचत नाही.
ते टाकीच्या भिंतीशी थांबतं,
रेमेईबाईंचा कॅन भरेपर्यंत
मीही थांबते, झाकण हातात धरून.